‘बगळा’ हा एकच पक्षी का? आणि त्याला इंग्रजीत क्रेन म्हणणं बरोबर आहे का?

तुम्ही विचारलंय की मुलीच्या चित्रांच्या पुस्तकात बगळ्याखाली ‘क्रेन’ छापलंय, मोबाइलवर शोधलं तर ‘हेरॉन’ आणि ‘ईग्रेट’ अशी नावं येतात, आणि सासरी मालवणकडे सासूबाई त्यातल्याच एकाला ‘ढोकरी’ म्हणतात. मग बगळा नक्की कोण, की पाण्यात उभा दिसेल त्या प्रत्येक पक्ष्याला बगळा म्हणायचं?

आधी थोडक्यात सांगते. बगळा हे एका पक्ष्याचं नाव नाही, एका घराण्याचं आहे. त्या घराण्यात पांढरे आहेत, राखी आहेत, जांभळट आहेत, मातकट आहेत. बोलताना आपण बहुतेक वेळा त्यातल्या पांढऱ्यांनाच बगळा म्हणतो आणि बाकीच्यांना जमेल तसं दुसरं नाव देतो. त्यामुळे सासूबाईंचं बरोबर आहे आणि मोबाइलचंही बरोबर आहे. चूक आहे ती पुस्तकाची. बगळा क्रेन नाही.

आता सविस्तर लिहिते, कारण हा माझ्या फार जवळचा विषय आहे. मी आचऱ्याच्या खाडीजवळ वाढले आणि त्याच भागातल्या प्राथमिक शाळेत ३१ वर्षं शिकवलं. वर्गाच्या मागच्या खिडकीतून खाजण, म्हणजे भरतीचं पाणी शिरणारी दलदल, दिसायचं, आणि खाजणात बगळे नाहीत असा दिवस मला आठवत नाही.

ढोकरीपासून सुरुवात करते. मी सहा-सात वर्षांची असेन. थंडीचे दिवस, वायंगणाच्या, म्हणजे हिवाळी भाताच्या, कुणग्यात (छोट्या शेतात) पाणी सोडलेलं. मेरेवरून, म्हणजे बांधावरून, आजोबांच्या मागे चालले होते. पुढे हातभर अंतरावर मेरेचाच एक तुकडा हलल्यासारखा वाटला. अंगावर तपकिरी रेघा, मान खांद्यात ओढून घेतलेली, पिवळट डोळा. मी ओरडले, “आजो, बगळो!” आजोबा थांबले. “बगळो नाय गो बाय, ढोकरी ती. गप ऱ्हव आणि बघ.” आणि त्यांनी एक पाऊल टाकलं. ढोकरी घशातून खरखरीत आवाज काढून उडाली आणि मातीच्या त्या गोळ्यातून दोन पांढरेशुभ्र पंख बाहेर पडले. मी म्हटलं, “आता झालो मगे बगळो!” आजोबा हसले, “उडाली काय पांढरी, बसली काय मातयेची.”

त्या एका वाक्यात ढोकरीचं सगळं वर्णन आलं. तिचे पंख पांढरेच असतात, पण बसली की पाठीवरची मातकट पिसं ते झाकून टाकतात. मराठीत तिला भुरा बगळाही म्हणतात. आणखी एक नाव आहे, वंचक. म्हणजे फसवणारा. पाय पडेपर्यंत ती दिसत नाही, म्हणून ते नाव. पावसाळ्याच्या तोंडावर, विणीच्या दिवसांत, तिची पाठ गडद तांबूस-किरमिजी होते, तेव्हा तोच पक्षी ओळखणं नवख्याला कठीण जातं.

म्हणजे बोलीत बगळा आणि ढोकरी हे वेगळे, आणि पुस्तकात ढोकरी ही बगळ्यांपैकीच एक. यात भांडण नाही. आपण घरातल्या एकाला आडनावाने आणि दुसऱ्याला नावाने हाक मारतो तसंच हे आहे.

शब्द जुना आहे. संस्कृतात बक, हिंदीत बगुला, गुजरातीत बगलो, आपल्याकडे बगळा, आणि मालवणीत बगळो. व्याकरणाने बगळ्याची बगळी होते, पण प्रत्यक्षात ‘बगळी’ फारसं कोणी म्हणत नाही, आणि त्याला कारण आहे. नर आणि मादी दिसायला सारखीच असतात, पिसांवरून ओळखता येत नाहीत. उलट ढोकरी म्हटलं की ती नर असली तरी स्त्रीलिंगीच राहते. मुलीला हे जरूर सांगा, मुलांना असल्या गोष्टी आवडतात.

जाता जाता एक गैरसमज दूर करते, कारण कोकणातल्या बंदरांच्या गोष्टींत तो हमखास भेटतो. आपल्या किनाऱ्याला पूर्वी अरबस्तानाकडून मोठी शिडाची गलबतं यायची, त्यातल्या एका जातीला ‘बगला’ म्हणत. पांढऱ्या शिडामुळे बगळ्यावरून नाव पडलं असं लोक सांगतात. ऐकायला छान वाटतं, पण ते नाव अरबी आहे आणि त्याचा अर्थ खेचर. ओझं वाहणारं जनावर, तसं ओझं वाहणारं जहाज. तिथे ल आहे, आपल्या पक्ष्यात ळ. आणि ‘बगल देणे’ मधली बगल फार्सी, म्हणजे काख. तिचाही पक्ष्याशी संबंध नाही.

पांढऱ्या बगळ्यांकडे येऊ. दुरून सगळे सारखेच दिसतात, जवळून नाहीत. गुरांच्या मागे फिरतो तो गायबगळा, आखूड मानेचा, पिवळ्या चोचीचा. चिखलणीच्या दिवसांत पूर्वी तो जोताच्या मागे चालायचा, आता पॉवर टिलरच्या मागे चालतो. यंत्राच्या आवाजाला तो जराही बिचकत नाही, कारण फाळाने उलटलेल्या मातीतून किडे आणि बेडूक त्याच्यासमोर येऊन पडतात. याला मासे फारसे लागतही नाहीत. नाकतोडे, गुरांच्या अंगावर बसणारे कीटक यांवर तो जगतो. तेव्हा ‘बगळा म्हणजे मासे खाणारा पाणपक्षी’ ही शाळेतली व्याख्या इथेच मोडते.

खाडीत उभा असतो तो लहान बगळा. चोच काळी, पाय काळे आणि पावलं मात्र पिवळी, जणू पिवळे मोजे घातलेत. त्याच्याहून उंच तो मध्यम बगळा, पावलंसुद्धा काळी. आणि सर्वांत उंच, जवळजवळ मीटरभराचा, तो मोठा बगळा. मध्यम आणि मोठा यांत गोंधळ होतो. चोचीची फट डोळ्याच्या खाली संपली तर मध्यम, डोळ्याच्या मागे गेली तर मोठा. दुर्बीण असेल तर हे एका नजरेत कळतं.

पण मला तुम्हाला दाखवायचाय तो वेगळाच. आचऱ्याला किंवा तारकर्लीला रापण ओढतात ते तुम्ही सासरी बघितलं असेल. दोन्ही बाजूंनी दोऱ्या ओढत माणसं मागे मागे येतात आणि शेवटी जाळ्याची पिशवी वाळूला लागते. त्या क्षणी घारी, कावळे, कुत्री सगळेच गोळा होतात, आणि ओल्या वाळूवर थोडा अलग एक पक्षी उभा राहतो. अंग पाटीसारखं काळपट निळं, गळ्यापाशी पांढरा ठिपका. गाबीत, म्हणजे इथले मच्छीमार, त्याला ‘काळो बगळो’ म्हणतात. पुस्तकात तो समुद्री बगळा. आणि त्याच जातीत काही पक्षी जन्मभर पांढरे असतात! एकच जात, दोन रंग. काळ्या-पांढऱ्याचं जोडपंही जमतं.

माझ्या मते ‘बगळा’ शब्दाचा खरा अर्थ या काळ्या बगळ्यापाशी उघडा पडतो. पांढरेपणा हीच ओळख असती तर कोळ्यांनी याला दुसरं काहीतरी नाव दिलं असतं. त्यांनी बगळोच म्हटलं, कारण त्यांनी रंग बघितलाच नाही. त्यांनी मान बघितली आणि उभं राहणं बघितलं.

ती मान म्हणजे या घराण्याची खूण आहे. इंग्रजी एस अक्षरासारखी दुमडलेली. मानेतला सहावा मणका इतरांपेक्षा लांबट असतो, त्यामुळे तिथे बिजागरीसारखा बाक येतो आणि भाला फेकावा तशी मान सुटते. आणि उडतानासुद्धा बगळा ती मान आखडून खांद्यात घेतो. करकोचा मान सरळ पुढे ताणून उडतो. क्रेनही मान ताणूनच उडतो. आकाशात बघून फरक ओळखायला एवढं पुरतं, रंगाकडे बघायची गरज नाही.

करकोचा म्हणजे इंग्रजीतला स्टॉर्क, सुरईतून खीर खाणाऱ्या गोष्टीतला. त्याला जवळपास आवाजच नसतो, चोच वाजवून तो बोलतो. क्रेन म्हणजे आपला सारस आणि त्याचे भाईबंद. महाराष्ट्रात सारस बघायचा तर पार गोंदिया-भंडाऱ्याकडे जावं लागतं, कोकणात तो नाहीच. भाताच्या शेतात जमिनीवर घरटं करणारा पक्षी तो, बगळ्यासारखा संध्याकाळी झाडावर मुक्कामाला येत नाही. मग क्रेन शब्द आपल्या पुस्तकांत शिरला कसा? इंग्लंडच्या खेड्यांतच हेरॉनला क्रेन म्हणायची जुनी सवय होती. ती इथे आली, शब्दकोशांत बसली, आणि तिथून शाळेच्या पुस्तकांत उतरली. इंग्रजीत बगळ्यांच्या घराण्याला हेरॉन म्हणतात आणि त्यातल्या पांढऱ्यांना ईग्रेट. ढोकरी, राखी बगळा, जांभळा बगळा हे हेरॉन. तिन्हीसांजेला डोक्यावरून ‘क्वाक’ करत जाते ती रातढोकरी, तीही हेरॉनच.

पाण्यात उभा तो प्रत्येक बगळा नाही, हे तुमच्या प्रश्नाच्या शेवटच्या भागाचं उत्तर. खांबावर पंख पसरून वाळवत बसलेला काळा पाणकावळा, हिवाळ्यात किनाऱ्यावर थव्याने उतरणारे कुरव, चिखलात तुरुतुरु पळणाऱ्या तुताऱ्या, यांना कोकणात कोणी चुकूनही बगळा म्हणणार नाही.

आता शब्दाचा वापर. इथे मला थोडं मनापासून बोलायचंय.

मराठीत बगळा बहुतेक वेळा ढोंगी म्हणूनच येतो. बकध्यान लावणं म्हणजे वर साधूचा आव आणि मनात डाव. पांढऱ्या कपड्यांतल्या लबाड माणसाला आपण बगळा म्हणतो. तळ्यातल्या माशांना दुसऱ्या तळ्यात नेतो म्हणून फसवणारा बगळा आणि शेवटी त्याची मान धरणारा खेकडा, ही गोष्ट मीही वर्गात कितीदा सांगितली असेल. आमच्या मुलांना खेकडा म्हणून चालायचं नाही, ‘कुर्ली’ म्हटलं की वर्ग जागा व्हायचा. सुभाषितातही अडाणी मुलगा सभेत शोभत नाही, ‘हंसमध्ये बको यथा’, हंसांत बगळा शोभत नाही तसा. आणि तीच परंपरा विद्यार्थ्याची पाच लक्षणं सांगताना म्हणते, ‘काकचेष्टा बकोध्यानम्’. कावळ्यासारखी धडपड हवी आणि बगळ्यासारखं ध्यान हवं. आमच्या शाळेच्या भिंतीवर हे रंगवलेलं होतं. एका मुलीने मला विचारलं, “बाई, बगळा चांगला की वाईट?”

त्या दिवशी मी पुस्तक मिटलं आणि वर्ग खाजणाच्या बांधावर नेला. ओहोटी लागली होती. तिवरांच्या मुळांपाशी एक लहान बगळा उभा होता. मुलांना सांगितलं, बोलायचं नाही, फक्त घड्याळ बघायचं. बारा मिनिटं त्याने पाऊल उचललं नाही. मग एक पाय थोडा पुढे घेतला आणि ते पिवळं पाऊल चिखलात थरथरवायला लागला, जसं आपण पाण्यात बोट हलवतो तसं. चिखलातून काहीतरी सुळकन निघालं आणि मान सुटली. मुलांना फक्त चोचीतली निवटी, म्हणजे चिखलातला छोटा मासा, दिसली, मान कधी गेली ते कोणालाच दिसलं नाही.

परत आल्यावर ग्लासभर पाण्यात पेन्सिल तिरकी ठेवून दाखवली. पाण्यातली वस्तू असते तिथे दिसत नाही, थोडी वर दिसते. बगळ्याला मासा तसाच वर दिसतो. तरीही तो अचूक मारतो, कारण तेवढा फरक धरून चोच खाली टाकणं त्याला येतं. समुद्री बगळ्यावर याचा नीट अभ्यास झालाय. शिवाय हालचाल केली तर मासा पळतो, म्हणून हालचाल करायची नाही. यात सोंग कुठे आलं? तो जे करतोय ते उघड्यावर, सगळ्यांसमोर करतोय. मला बकध्यान हा शब्द त्या दिवसापासून भिंतीवरच्या अर्थानेच पटतो. तुम्ही मुलीला दोन्ही अर्थ सांगा, भाषा म्हणून दोन्ही ठाऊक हवेत. पण एकदा तिला उभा बगळाही दाखवा.

वापरात चांगले अर्थही आहेत. धुतलेलं धोतर ‘बगळ्याच्या पंखासारखं’ असतं. संध्याकाळी ओळीने परतणाऱ्या बगळ्यांना आपण माळ म्हणतो. आणि ती माळ डोक्यावरून जाताना आम्ही मुलं नखं वर करून, एकमेकांवर घासत ओरडायचो, “बगळ्या बगळ्या, कवडी दे!” दुसऱ्या दिवशी नखावर पांढरा ठिपका दिसला की ती बगळ्याने दिलेली कवडी. काही ठिकाणी कवडीऐवजी फूल मागतात. तुमच्या सासूबाईंनीही मागितली असेल, विचारून बघा.

पांढऱ्या पिसांचं आणखी एक सांगायला हवं. विणीच्या दिवसांत बगळ्याच्या पाठीवर जाळीसारखी तलम पिसं येतात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी युरोपातल्या बायकांच्या टोप्यांवर ती खोवायची लाट आली आणि जगभर बगळे मारले गेले, कारण ही पिसं सोन्याहून महाग विकली जात. पिसं विणीतच येतात, म्हणजे मारायचे ते घरट्यावरचे पक्षी. पिल्लं मागे उपाशी. हिंदुस्थानातून पिसांच्या निर्यातीवर १९०२ मध्ये बंदी आली, ब्रिटनमध्ये आयातीवर १९२१ च्या कायद्याने. आज आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बगळा मारणं गुन्हा आहे.

पण घरट्यांचं दुखणं अजून संपलेलं नाही. बगळे पावसाळ्यात एकाच झाडावर दाटीने घरटी करतात, ढोकरी, गायबगळे, पाणकावळे सगळे शेजारी शेजारी. अशा वस्तीला मराठीत सारंगागार असा सुरेख शब्द आहे. मारुती चितमपल्लींच्या लेखनातून तो अनेकांना माहीत झाला. बगळ्यांना माणसांच्या वर्दळीचं वावडं नसतं, बाजारातलं मोठं झाड त्यांना चालतं. खाली विष्ठा पडते, वास येतो, लोकांना त्रास होतो, हेही खरंच. आमच्या तालुक्याच्या गावी रस्त्याकडेच्या एका जुन्या शिरीषावर अशी वस्ती होती. एका वर्षी ऐन जुलैत त्याच्या फांद्या उतरवल्या. मी पोचले तेव्हा रस्त्यावर काटक्या, फुटलेली फिकट निळसर अंडी, आणि पावसात भिजलेली पिल्लं होती. कोंब फुटावेत तशी डोक्यावर ताठ लव, आणि भीतीने ओकलेला चारा समोर पडलेला. दोन पिल्लं पदरात घालून घरी आणली. माशाचे बारीक तुकडे चिमट्याने भरवले. एक रात्रीच गेलं, दुसरं तिसऱ्या दिवशी. छाटणी करायचीच होती तर डिसेंबरात करता आली असती, तेव्हा त्या झाडावर एकही घरटं नसतं. एवढंच मी तेव्हा सांगितलं होतं आणि अजूनही जिथे संधी मिळेल तिथे सांगते.

त्यातल्या दुसऱ्या पिल्लाचा पाय मी हातात घेऊन बघितला होता. मधल्या बोटाच्या नखाला बारीक दाते होते, फणीसारखे. मोठेपणी बगळा त्याच नखाने पिसं विंचरतो. छातीवर त्याची एक खास पिसं असतात, ती टोकाला झिजून पावडर होते. वाम गिळताना अंगाला चिकट बुळबुळ लागली की ती पावडर लावायची आणि फणीने काढून टाकायची. बगळा चिखलात राहूनही शुभ्र कसा, याचं उत्तर त्या नखात आहे.

तर पुस्तकाचं काय करायचं. चित्र नीट बघा. पांढरा पक्षी, मान बाकदार, तर ‘क्रेन’ खोडून ‘ईग्रेट’ लिहा. राखी किंवा मातकट असेल तर ‘हेरॉन’. पण पक्षी राखाडी, डोकं आणि वरची मान लाल असेल तर इंग्रजी शब्द बरोबर आहे आणि मराठी चुकलंय, तो सारस आहे. तिथे ‘बगळा’ खोडायचा. सासूबाईंची ढोकरी आहे तशीच राहू द्या.

आणि मे महिन्यात सासरी आलात तर मुलगी गुरांमागे चालणारा केशरी डोक्याचा पक्षी दाखवून हा कोण म्हणून विचारेल. तोही बगळाच. गायबगळा. विणीचे दिवस आले की त्याचं डोकं, मान आणि पाठ अशी केशरी होते, आणि दिवाळीपर्यंत तो पुन्हा पांढरा झालेला असतो.